दृढीकरण वर्गात तारण समजावताना गणिताची उदाहरणे कितपत चालतात?

भायखळा_शिक्षिका (प्रश्न)

जय ख्रिस्त. भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दृढीकरण वर्ग घेते, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वासाची जाहीर कबुली देण्यासाठी तयार करते. वर्गातील बहुतेक मुले नववी-दहावीची आहेत आणि आठवडाभर क्लास, सराव परीक्षा व टक्केवारी यांतच बुडालेली असतात, त्यामुळे तारणाचा, म्हणजे पापापासून सुटकेचा, विषय निघाला तरी ती हिशेबाच्याच भाषेत विचार करतात. सर्वांनी पाप केले आहे आणि सर्व जण उणे पडले आहेत, हे रोमकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायातील वचन वाचून झाल्यावर एका मुलाने विचारले, "टीचर, देवाकडेही पासिंग 35लाच असेल ना? चांगल्या कामांचे अधिक, वाईट कामांचे उणे, बेरीज 35च्या वर गेली की सुटलो." त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आणि दोन-चार कमी पडले तर देव ग्रेस देईल." सगळा वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्यांना गणितातून बाहेर ओढण्यापेक्षा गणितातूनच इफिसकरांस पत्र 2:8-9 पर्यंत, म्हणजे तारण कर्मांनी मिळत नसून कृपेने विश्वासाच्या द्वारे मिळते इथपर्यंत, नेता येईल का, असा माझा विचार आहे. मंडळीतील एका ज्येष्ठांनी 'पाप म्हणजे शून्याने गुणणे' हे उदाहरण सुचवले. सत्कृत्यांची संख्या कितीही मोठी असली तरी शून्याने गुणल्यावर उत्तर शून्यच येते, आणि एका नियमाविषयी चुकणारा सर्व नियमशास्त्राविषयी दोषी ठरतो, या याकोबाच्या पत्रातील 2:10 या वचनाशी ते जुळतेही. तरी ते मला खटकते. आणखी एकांनी पास्कलची पैज, म्हणजे देव आहे असे मानण्यातच फायदा आहे हा गणितज्ञ पास्कलचा युक्तिवाद, शिकवा असे सांगितले. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

दादरचा_गणितवाला

मी ख्रिस्ती नाही, पण शाळेत गणित शिकवतो आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचे थोडे वाचन आहे, म्हणून लिहितो.

ताई, शून्याचे उदाहरण आपल्याला खटकते ते योग्यच आहे. शून्याला गुणाकार व्यस्त नसतो. एखादी संख्या शून्याने गुणली की मूळ संख्या कोणती होती, हे गुणाकारावरून कधीच परत काढता येत नाही. 7 होती की 7,000, सर्व खुणा पुसल्या जातात. आता आपला धर्म तर सांगतो की माणूस देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण झाला, पापाने ते प्रतिरूप बिघडले आणि तारणात ते पूर्ववत होते. शून्याच्या उदाहरणात पूर्ववत होण्याला जागाच उरत नाही. दोष सर्वांना लागू आहे एवढेच याकोबाच्या वचनावरून दाखवायचे असेल, तर त्यासाठी गुणाकाराची गरज नाही. प्रमेयाच्या सिद्धतेत एक पायरी चुकली की सिद्धता ग्राह्य धरली जात नाही, मग बाकीच्या नऊ पायऱ्या कितीही सुबक असोत. दहावीच्या मुलाला हे लगेच पटते, आणि बरोबर आलेल्या पायऱ्या निरर्थक होत्या असेही त्याला कुणी सांगत नाही.

त्या मुलीच्या ग्रेसच्या शेऱ्यावर मात्र अख्खा एक तास द्यावा. ग्रेसचे गुण काठावर अडकलेल्याला मिळतात. 33 गुणांवरचा उत्तीर्ण होतो, 8 गुणांवरच्याचे नावही कुणी घेत नाही. म्हणजे मोठा वाटा विद्यार्थ्याचा आणि शेवटची चिमूट परीक्षकाची. कृपेविषयीचा हा समज इतका स्वाभाविक आहे की चर्चला त्यावर धर्मसभांतून निर्णय द्यावे लागले. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलाजियस या ख्रिस्ती शिक्षकाचे मत 418 साली कार्थेज येथे नाकारले गेले. आणि सुरुवात माणसाने करायची व मग देवाने हात द्यायचा, हे त्याहून सौम्य मतही 529 साली ऑरेंजच्या धर्मसभेने नाकारले. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असे त्या सभेचे म्हणणे होते. मागच्या बाकावरून आलेला शेरा सहाव्या शतकातला वाद आहे, हे मुलांना सांगा. त्यांना गंमत वाटेल.

त्यानंतर मत्तयाच्या 20व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आलेख कागदावर काढून घ्यावा. दिवस बारा तासांचा धरला तर मजुरांच्या पाच तुकड्यांनी अनुक्रमे 12, 9, 6, 3 आणि 1 तास काम केले, आणि प्रत्येकाला एकच दीनार मिळाला. आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर मजुरी घेतली की पाच बिंदू एका आडव्या रेषेवर येतात, जिचा चढ शून्य असतो. समचलनाची सवय असलेला मुलगा येथे ओरडणारच, कारण शेवटच्याला ताशी बारापट दर पडला. दाखल्यातले मजूरही नेमके याच कारणाने कुरकुरतात. मळ्याच्या मालकाने पहिल्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी दिली आहे, कुणाचा एक पैसा कापलेला नाही, हे आलेखावर बोट ठेवून दाखवता येते.

गिरगावचे_काका

बाई, मी बँकेतून निवृत्त झालो. मंडळीच्या जमाखर्चाचे कामही बरीच वर्षे सांभाळले, त्यामुळे माझा ओढा मत्तयाच्या 18व्या अध्यायाकडे आहे. एका चाकरावर राजाचे 10,000 तलांत कर्ज होते आणि त्याच चाकराचे दुसऱ्या एका चाकराकडे 100 दीनार येणे होते. मुलांना हे आकडे फळ्यावर मांडू द्या. एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजंदारी, म्हणजे राजाचे येणे 6 कोटी रोजंदाऱ्यांचे होते. वर्षाला 300 दिवस काम मिळते असे धरले, तर ते फेडायला 2 लाख वर्षे लागतील, आणि तीही पोटाला काही न खाता. नाक्यावरच्या मजुराला सोयीसाठी दिवसाला 1,000 रुपये धरा, की एका बाजूला 6,000 कोटी रुपये आणि दुसऱ्या बाजूला 1 लाख रुपये उभे राहतात. प्रमाण 6 लाखास 1. त्या काळच्या ग्रीक भाषेत दहा हजार हा संख्यावाचक शब्दांतला सर्वांत मोठा शब्द होता आणि तलांत हे चलनाचे सर्वांत मोठे माप, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ही रक्कम मोजण्याच्या पलीकडची वाटली असणार. एवढे कर्ज डोक्यावर असताना तो चाकर पाया पडून म्हणतो की मला वेळ द्या, सर्व फेडतो. पासिंग 35 धरणारा मुलगा तेच म्हणतो आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. राजाने कर्ज सोडले, तेव्हा ते गेले कुठे? दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा असावी लागते. या पद्धतीचे पहिले छापील सविस्तर विवेचन 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांनी केले आणि ते स्वतः फ्रान्सिस्कन साधू होते, ही एक जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट. कर्ज बुडीत म्हणून काढून टाकले की कर्जदाराची पाटी कोरी होते, पण धनकोच्या भांडवलातून तेवढीच रक्कम उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला 'माफ केले' हे दोन शब्द दिसतात, ताळेबंद मांडणाऱ्याला तोटा कुणी सोसला ते दिसते. क्रूसाविषयीची ख्रिस्ती शिकवण हीच आहे, की क्षमा आपल्याला फुकट मिळाली, पण देणाऱ्याला ती फुकट पडली नाही. 'देव दयाळू आहे, तर नुसते माफ का करत नाही?' असे मुले हमखास विचारतात, आणि त्या ठिकाणी हा हिशेब फार उपयोगी पडतो.

उत्तनकर

काकांचा हिशेब चोख आहे, तरी एका कॅथलिकाची शंका मांडतो. दाखला कर्जमाफीपाशी थांबत नाही. तोच चाकर बाहेर पडून 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि राजा त्याला पुन्हा बोलावून सर्व देणे फिटेपर्यंत छळणाऱ्यांच्या हाती देतो. खातेवहीत एकदा निर्लेखित झालेली रक्कम अशी परत उभी राहत नाही. म्हणजे येथे हिशेबाची भाषा संपते आणि मिळालेल्या क्षमेने माणूस बदलला की नाही, हा प्रश्न सुरू होतो. तारण ही केवळ वहीतली नोंद समजली गेली, तर मुले म्हणतील, नोंद झाली आहे, आता आपण मोकळे.

हा वाद आपल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन परंपरांमधला जुनाच आहे. नीतिमान ठरणे म्हणजे पापांची क्षमा आणि त्याबरोबरच अंतःकरणाचे नवीकरणही, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1547 साली सांगितले. ल्यूथरच्या अनुयायांनी देवाने नीतिमान म्हणून गणण्यावर भर दिला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी याच विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली हृदये नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, असे त्यात दोघांनी मिळून म्हटले आहे. 2006 साली मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. माझी विनंती एवढीच, की कर्जाचे गणित शिकवा, पण दाखल्याचा उत्तरार्ध गाळू नका.

भायखळा_शिक्षिका

सर्वांचे आभार. पुढच्या रविवारी आलेख, त्यानंतरच्या रविवारी कर्जाचा दाखला शेवटपर्यंत, असे ठरवते. गणितवाले सर, पास्कलविषयी आपण काहीच लिहिले नाही.

दादरचा_गणितवाला

पास्कल टाळावा असे माझे मत आहे, निदान या वयाला. 1654 साली फेर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत तो होता, त्यामुळे त्याचे नाव मोहात पाडते. पैजेत तो मांडतो ते असे, की देव असण्याची शक्यता कितीही लहान असली तरी लाभ अनंत आहे, म्हणून विश्वासाच्या बाजूने पैज लावणे शहाणपणाचे. पण शून्याहून मोठी कोणतीही संभाव्यता अनंताने गुणली की अपेक्षित लाभ अनंतच येतो, त्यामुळे विश्वास ठेवावा की नाही हे नाणे उडवून ठरवणाऱ्याचाही अपेक्षित लाभ अनंतच ठरतो. वर्गातला एखादा हुशार मुलगा हे पाच मिनिटांत शोधून काढील. शिवाय आपण इतका वेळ ज्या विचारापासून मुलांना दूर नेत आहात, म्हणजे मी अमुक केले तर मला तमुक मिळेल, तोच विचार पैजेच्या दारातून परत आत येतो. पास्कलने स्वतः ती संशयी जुगाऱ्याला थोडे थबकवण्यासाठी मांडली होती, आणि ती टिपणे छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, 1670 साली. वर्गात कुणी आपणहून विचारलेच, तर त्याला वर्गानंतर थांबवून घ्या.