इक्वेडोर: कीतो, तेना, ग्वायाकिल, एकाच बॅगेत भागेल का?

प्रश्न:
जानेवारी ते एप्रिल इंटर्नशिप आहे. पहिला महिना कीतो, मधले दोन तेना, शेवटचा ग्वायाकिल. देश महाराष्ट्रापेक्षाही लहान, मग हवामानात फार फरक नसेल ना? शनिवार-रविवार धरून गालापागोस बेटं होतील का?

उत्तर १:
अंतर किलोमीटरमध्ये नाही, उंचीत मोजा. अँडीजची रांग देशाच्या मधून उत्तर-दक्षिण गेली आहे. डोंगराळ भाग तो सिएर्रा, पश्चिमेची किनारपट्टी कोस्ता, पूर्वेचं ॲमेझॉनकडचं जंगल म्हणजे ओरिएन्ते. कीतो २,८५० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा आणखी १,२०० मीटर वर. तेना ५०० मीटरच्या आसपास आणि ग्वायाकिल जवळजवळ समुद्रसपाटीला.

कीतो-तेना बसला साधारण पाच तास लागतात. पण ती आधी पापायाक्ताच्या खिंडीत ४,००० मीटरपर्यंत चढते, मग जंगलात उतरते. स्वेटर डिकीतल्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. पावसात या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि मग बान्योस-पुयो या गावांवरून लांबचा वळसा पडतो. सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर रविवारच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नका.

उत्तर २:
भाषेतला एक घोळ आधीच समजून घ्या. 'इन्व्हिएर्नो' म्हणजे हिवाळा, पण इथे हा शब्द पावसाळ्यासाठी वापरतात. किनाऱ्यावर जानेवारी ते एप्रिल हा 'हिवाळा' म्हणजे वर्षातला सर्वांत उकाड्याचा, धो-धो पावसाचा काळ. जूननंतर समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे तिथे ढगाळ आणि कोरडं होतं. म्हणजे तुमच्या वाट्याला ग्वायाकिलचा घामट महिना येणार. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम घ्या, डेंग्यू असतो.

कीतोत दिवसा वीस अंश, रात्री नऊ-दहा. दुपारी पाऊस ठरलेला, म्हणून बाहेरची कामं सकाळी उरका. ढग असले तरी ऊन भाजतं, टोपी हवीच. तेनात बारा महिने पाऊस. जाड जीन्स तिथे वाळतच नाही.

उत्तर ३:
कीतोतले पहिले दोन-तीन दिवस जिने सावकाश चढा, भरपूर पाणी प्या, दारू टाळा. डोकं दुखणं, झोप न लागणं हे उंचीमुळे होतं. त्याच आठवड्यात कोतोपाक्सी ज्वालामुखीवर जाऊ नका.

स्वयंपाक करणार असाल तर लहान प्रेशर कुकर न्या. कीतोत पाणी ९०-९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा कचकचीतच राहतो. भारतातला विजेवरचा राइस कुकर मात्र नेऊ नका. वीज ११०-१२० व्होल्ट, म्हणजे तो जेमतेम चौथाई ताकदीने तापतो. चार्जरवर १००-२४० लिहिलं असेल तर चालतो, फक्त चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर लागतो.

उत्तर ४:
यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. तेनासाठी तर ती हवीच, शिवाय परतताना भारतातही ते पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

गालापागोस दोन दिवसांत करू नका, पैसे वाया जातील. किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर दूर आहे. परदेशी प्रौढांना तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश २०० डॉलर (ऑगस्ट २०२४ पासून), वर २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड. कीतोहून निघणारी बरीच विमानं ग्वायाकिलला थांबूनच जातात, म्हणून ही सहल शेवटच्या महिन्यात तिथूनच करा, निदान पाच दिवसांची. विमानतळावर सामान तपासतात, ताजी फळं आणि बिया बॅगेत ठेवू नका. बेटांवर घड्याळ एक तास मागे करा.

चलन २००० पासून अमेरिकी डॉलरच आहे. ५० आणि १०० च्या नोटा दुकानात बहुतेक नाकारतात, १ आणि ५ च्या जास्त न्या. ग्वायाकिलकडे अलीकडे वारंवार आणीबाणी लागते, कधी रात्रीची संचारबंदीही. निघायच्या आठवड्यात ताजी सूचना पाहूनच राहायची जागा पक्की करा.