धागा : कपाटातल्या तबकड्या (व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे जमवणाऱ्यांनो, लिहा!)

सिनेमे, नाटकं, जुन्या मालिका ज्यांच्याकडे अजून डिस्कवर आहेत आणि जे त्या अधूनमधून लावून बघतातही, त्यांच्यासाठी हा धागा. किती जमवल्यात याचे आकडे नकोत, त्यातून काही कळत नाही. तुमच्याकडच्या डिस्कवर असं काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही, ती कुठून आणली, कशावर लावता, पावसाळ्यात कशी जपता ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझं बरंचसं मोझर बेअर या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या काळातलं, म्हणजे २००७ च्या आसपास त्यांनी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली तेव्हाचं. त्याआधी ओरिजिनल डिस्क म्हणजे वाढदिवसाला मागायची वस्तू होती, नाहीतर मग फुटपाथवरची पायरेटेड, जिच्यात मधेच पुढच्या रांगेतला माणूस उठून बाथरूमला जायचा. २८ रुपये झाल्यावर आमच्या साताऱ्यात वाण्याकडे साबणाच्या शेजारी सिनेमे टांगलेले असायचे, आणि मुख्य म्हणजे ज्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमावर कुणी तीनशे रुपये घातले नसते तो लोक भाजीच्या पिशवीतून घरी न्यायला लागले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली पण डिस्क अजून चालतायत. त्यातलीच एक साठच्या दशकातल्या कोर्टकचेरीच्या सिनेमाची. आता ऑनलाइन जी प्रिंट आहे तिच्यात एक अख्खं गाणं आणि त्याआधीची साक्ष सरळ उडवलीय, त्यामुळे पुढे वकील ज्या पत्राबद्दल बोलतो ते पत्र आलं कुठून तेच कळत नाही. माझ्या व्हीसीडीत गाणंही आहे आणि पत्रही. चला, लिहा आता.

पेटीवाला, डोंबिवली

मस्त धागा! मला डिस्कचा नाद लागला तो पेटीमुळे. सिनेमातल्या गाण्यांवर पेटी वाजवायची सवय, एकदा व्हीसीडी लावली आणि बसलो तर सूरच जुळेना. रेकॉर्डवर गाणं काळी एकचं, इथे काळी एक धरली तर कमी पडते आणि पांढरी दोन धरली तर जास्त होते, मधेच कुठेतरी लटकलेलं. मला वाटलं पेटी उतरली. मग एका साउंडवाल्या मित्राने सांगितलं की सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो आणि आपला जुना पॅल पद्धतीचा टीव्ही २५ ने चालतो, तर कॉपी करताना अख्खा सिनेमाच थोडा पळवतात. अडीच तासाचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज जवळपास पाऊण पट्टी वर चढतो. त्याच सिनेमाची डीव्हीडी परदेशातल्या लोकांसाठी एनटीएससीत (अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत) काढलेली मिळाली, तिच्यात गाणं बरोब्बर काळी एकला. तेव्हापासून खोक्यावर आधी पॅल की एनटीएससी बघतो, हिरो कोण ते नंतर. बायको म्हणते इतकं कुणाला ऐकू येतं? मला येतं, काय करू.

खाजकुइली, एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे नाटकं! दर उन्हाळ्यात आईबाबा येताना बॅगेत भाजणीच्या पिठाबरोबर दोन-दोन, तीन-तीन व्हीसीडींचे सेट यायचे, एकेक डिस्क म्हणजे साधारण सव्वा तास, त्यामुळे अंक कधी मधेच तुटायचा. इथल्या प्लेअरला पॅल चालायचं नाही, चित्र काळंपांढरं होऊन वर वर सरकत राहायचं, मग लॅपटॉप टीव्हीला जोडून व्हीएलसी नावाच्या सॉफ्टवेअरवर बघायचो. नाटकाच्या डिस्कची मजा म्हणजे ते त्या एका दिवशीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग असतं. माझ्याकडे एक आहे त्यात दुसऱ्या अंकात माईक खरखरतो आणि नटाने तेवढ्यात त्यावरच अॅडिशन (ऐनवेळचं पदरचं वाक्य) घेतलीय, पब्लिक लोळतंय, समोरच्या नटीला हसू आवरेना म्हणून तिने पाठ फिरवून उगाच फुलदाणीतली फुलं सारखी केलीयेत. हे नाटक नंतर नव्या संचात आलं, चकाचक शूटिंग, पण ती फुलदाणी नाही त्यात.

इंग्रजी सिनेमांसाठी इथे पब्लिक लायब्ररीचे सेल बेस्ट. लोकांनी दान दिलेल्या आणि लायब्ररीने काढून टाकलेल्या डिस्क डॉलर-दोन डॉलरला मिळतात. नेटफ्लिक्स पोस्टाने भाड्याच्या डीव्हीडी पाठवायचं, ती लाल पाकिटंही मी शेवटपर्यंत घ्यायचे, २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी शेवटच्या पाठवल्या आणि त्या ठेवून घ्या म्हणाले. त्यांच्या डिस्कमध्ये खूप असे जुने सिनेमे होते जे त्यांच्याच स्ट्रीमिंगवर कधी आले नाहीत.

दोन_नंबर_गल्ली, नाशिकरोड

माझी व्हिडिओ लायब्ररी होती, डीटीएच आणि मग मोबाइल आल्यावर बंद केली. रोजचे दहा रुपये, दोनशे डिपॉझिट, आणि वहीत नाव, घर नंबर, डिस्क नंबर. आपल्या लोकांनी डिस्कचं काय काय केलंय ते मला विचारा. चहाच्या कपाखाली ठेवतात, पोरं बोटात घालून फिरवतात, परत देताना तीन नंबरची डिस्क हमखास प्लेअरमध्येच राहिलेली.

जमवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळे खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि वरच्या छापील बाजूला वाट्टेल तसं हाताळतात. व्हीसीडी आणि ऑडिओ सीडीत डेटाचा थर वरच्या छपाईच्या अगदी खाली असतो, मधे फक्त पातळ लाखेचा थर. खालून ओरखडा पडला तर पॉलिश करून निघतो (माझ्याकडे मशीन होतं), वरून नखाने खरवडलं तर विषय संपला. डीव्हीडीत डेटा दोन तबकड्यांच्या मधे असतो, त्यामुळे ती वरून टिकते पण वाकवली की मधला जोड सुटतो. म्हणून घट्ट खोक्यातून काढताना मधलं बटण आधी दाबा आणि मग उचला, कडेने खेचू नका. जुनी व्हीसीडी विकत घेताना ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढ्या जागी थर गेलेला आहे, दुकानदार काही म्हणो, घेऊ नका.

सायबाचो_पूत, म्हापसा

दोन नंबर गल्लीवाल्या काकांना दंडवत. आमच्याकडे ओरखड्यांपेक्षा बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटात चामड्याचा पट्टाही हिरवा होतो तिथे डिस्कची काय कथा. मी मराठी नाटकं जमवतो आणि तियात्रांच्या (गोव्याची कोंकणी नाटकं) डिस्कही, म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात मिळायच्या. मुंबईतले, आखातातले गोंयकार सुट्टीवर आले की गठ्ठ्याने न्यायचे. त्यातली कांतारां, म्हणजे प्रवेशांच्या मधली गाणी, त्या त्या वर्षीच्या राजकारणावर असतात, आज ऐकताना कुठला मंत्री ते आठवावं लागतं.

बुरशी आली तर घाबरू नका. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल अजिबात नाही. कारण डेटा गोल फिरत लिहिलेला असतो, आडवा बारीक ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, पण गोल ओरखडा गेला की लांबलचक पट्टाच वाचता येत नाही. आणि ती झिपवाली वह्यांसारखी पाकिटं टाकून द्या, त्यांच्या प्लास्टिकमध्ये दमट हवा अडकते आणि डिस्क चिकटते. उभ्या खोक्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका.

बाराखडी, लेस्टर

इथे चॅरिटी शॉपमध्ये डीव्हीडी ५० पेन्सला, कधी पाउंडला चार. ब्रिटिश कॉमेडीचं बरं असतं, मालिका छोट्या. फॉल्टी टॉवर्सचे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, बास, एकूण बाराच भाग. रविवारी सकाळी पोहे खाता खाता सुरू केली तर रात्री संपते.

सासरे आमच्याकडे राहायला आल्यावर वेगळाच फायदा कळला. त्यांना कमी ऐकू येतं. इथल्या बऱ्याच डीव्हीडींवर कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स असतात, कोण बोलतंय त्याप्रमाणे रंग वेगळा, आणि दार वाजलं, फोन वाजला तेही लिहून येतं. बाबा आता सगळ्या जुन्या डिटेक्टिव्ह मालिका बघतात आणि खुनी कोण ते माझ्याआधी सांगतात. आपल्या मराठी नाटकांच्या डिस्कवर अशी सोय असती तर... असो.

बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून परत वापरल्या, टेप महाग होती आणि परत कोण बघणार असा हिशोब. आपल्या दूरदर्शनवरही हेच झालं. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या मराठी कार्यक्रमांचे सेट का मिळत नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे वाचा.

कोपऱ्यातला_माणूस

एवढा खटाटोप कशाला हो, सगळं यूट्यूबवर आहे की.

खाजकुइली, एडिसन, न्यू जर्सी

@कोपऱ्यातला_माणूस, आहे ना, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, दर सात मिनिटांनी जाहिरात आणि चित्र दोन्हीकडून ताणून सगळे नट जाडे केलेले. बघा तुम्ही.

रिझोल्यूशन, बंगळुरू

मी ब्लू-रेवाला. बऱ्याच ब्लू-रे फक्त आपापल्या रिजनच्या (जगाच्या भागाच्या) प्लेअरवरच चालतात, इंडिया रिजन सी, अमेरिका ए, युरोप बी, त्यामुळे आधी सगळे रिजन चालवणारा प्लेअर शोधावा लागतो. ओप्पोने २०१८ लाच प्लेअर बनवणं थांबवलं, आता जुना मिळाला तर लोक नव्यापेक्षा जास्त मागतात. बाहेरून मागवलं की कस्टम्स वेगळं. अमेरिकेतला भाऊ जुलै किंवा नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनचा (निवडक सिनेमे डिस्कवर काढणारी अमेरिकन कंपनी) अर्ध्या किमतीचा सेल लागला की घेऊन ठेवतो आणि येताना आणतो.

दोनच उदाहरणं देतो. पहिलं स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन ही अमेरिकन मालिका. शूटिंग ३५ एमएम फिल्मवर, पण एडिटिंग आणि इफेक्ट्स व्हिडिओटेपवर, म्हणून डीव्हीडी धुरकट. ब्लू-रे काढताना मूळ निगेटिव्ह बाहेर काढून परत स्कॅन केल्या, एकेक भाग नव्याने जोडला, इफेक्ट्स परत बसवले. सात सीझनचं हे काम २०१२ ते २०१४ चाललं. ज्या मालिका मुळात व्हिडिओवरच शूट झाल्या त्यांचं असं काही करता येत नाही, कुणी ‘एचडी’ लिहून विकलं तरी आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

दुसरं, सत्यजित राय यांची अपू ट्रिलॉजी (पाथेर पांचाली, अपराजितो, अपूर संसार हे तीन सिनेमे). १९९३ मध्ये लंडनच्या लॅबला आग लागली आणि मूळ निगेटिव्ह होरपळल्या. उरलेल्या रिळा फेकल्या नाहीत हे नशीब. नंतर इटलीत बोलोन्याच्या लॅबने त्या कडक, ठिसूळ झालेल्या फिल्मला ओलावा देऊन मऊ केलं, कडेची छिद्रं दुरुस्त केली आणि जेवढं वाचलं तेवढं स्कॅन केलं. अपूर संसारची निगेटिव्ह कामाचीच राहिली नव्हती, तिथे दुसऱ्या प्रती वापरल्या. २०१५ ला सेट आला. दूरदर्शनवर ज्यांनी पाथेर पांचाली पाहिलाय त्यांनी यातला पावसाचा सीन बघा, तळ्यावर पडणारा थेंब न थेंब वेगळा दिसतो.

स्टोअर_रूम, ठाणे

नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो म्हणणाऱ्यांसाठी. यूएसबीचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. व्हीसीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डॅट फाइल असते, ती कॉपी करून घ्या, व्हीएलसीत लागते. कॉपी मधेच अडकली तर डिस्क पुसा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून बघा, एकाला न वाचलेली दुसऱ्याला बऱ्याचदा वाचता येते. आणि हार्ड डिस्क दोन ठेवा, एकावर विसंबू नका. डिस्क फेकायच्या नाहीत हे सांगायला नको.

मुळशीकर

सगळं वाचून काढलं. एक काम होतं. माझ्याकडे एका नाटकाच्या तीनपैकी दोन आणि तीन नंबरच्या व्हीसीडी आहेत, एक नंबरची शेजाऱ्यांनी नेली ते शेजारीच बदलून गेले. खून कुणी केला ते माहितीय, खून कुणाचा झाला ते माहीत नाही. कुणाकडे असेल तर कॉपी पाठवाल का?

दोन_नंबर_गल्ली, नाशिकरोड

अहो नाटकाचं नाव तरी लिहा.