कच्छमधील रानटी गुग्गुळाच्या जागा: नोंद किती नेमकी ठेवावी, किती उघड करावी?

प्रश्न
कच्छच्या खडकाळ टेकड्यांवर रानटी गुग्गुळाची झुडपे कुठे आहेत, याची नोंद ठेवण्यास मी सुरुवात केली आहे. मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, तारीख आणि एक छायाचित्र एवढे पुरेसे आहे का? ही वनस्पती आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात असल्याने जागा जाहीर करणे योग्य ठरेल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १
अक्षांश-रेखांश दशांश अंशांत लिहा आणि मोबाइल दाखवतो ती अचूकतेची त्रिज्या (खरी जागा दाखवलेल्या बिंदूपासून साधारण किती मीटरांच्या आत आहे) प्रत्येक नोंदीत टिपा. अक्षांशाच्या चौथ्या दशांश स्थळी एकाचा फरक पडला, तर जमिनीवर सुमारे ११ मीटरांचा फरक पडतो. त्यामुळे अचूकता २० मीटरची असताना सात दशांश स्थळे लिहिल्याने नोंद नेमकी होत नाही, फक्त तशी भासते.

छायाचित्र मात्र एक पुरणार नाही. गुग्गुळ वर्षातील बराच काळ निष्पर्ण असतो, म्हणून कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल, त्याखालचे हिरवट खोड आणि टोकाशी काटा झालेल्या फांद्या जवळून टिपाव्यात. खोडावर डिंकासाठी घातलेल्या खाचा आहेत का, त्या ताज्या आहेत की जुन्या, हे अवश्य लिहा. खोलवर आणि वारंवार खाचा घातल्याने झुडूप मरते, आणि ही माहिती नकाशावरच्या ठिपक्यातून कधीच कळत नाही. फुले दिसल्यास झुडूप नर की मादी तेही पाहा. यात मादी झुडपेच बहुसंख्य असतात आणि परागीभवनाशिवायही बी धरते, त्यामुळे नर झुडपाची खात्रीशीर नोंद माझ्या मते फार मोलाची आहे.

प्रतिसाद २
नेमकी जागा स्वतःच्या वहीत आणि अभ्यासकांकडे असावी. सर्वांसमोर ती ढोबळच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची जागा झाकण्याची सोय आहे. तेव्हा खरा बिंदू न दाखवता ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकटीतील कुठलाही एक बिंदू दाखवला जातो. परंतु टिपणात वाटेचे वर्णन लिहिले, किंवा छायाचित्रात मागे ओळखू येणारे देऊळ अथवा पवनचक्की आली, तर ही सोय व्यर्थ ठरते. छायाचित्राच्या फाइलमध्ये जागेची माहिती आपोआप साठवली जाते, तीही इतरांना पाठवण्यापूर्वी काढून टाकावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. ज्या टेकड्यांवर शोधूनही झुडूप आढळले नाही, त्यांचीही नोंद करावी का?

प्रतिसाद १
जरूर करावी, मात्र किती वेळ आणि कोणत्या भागात शोधले ते सोबत लिहावे. तेवढे नसेल, तर पुढे वाचणाऱ्याला तिथे गुग्गुळ नव्हता की कोणी नीट पाहिलेच नव्हते, हे ठरवता येणार नाही.