पबजीमुळे पोरं हिंसक होतात का? भाच्याने दार फोडलं, म्हणून विचारतेय

निशिगंध : परवा ताईकडे गेले होते. भाचा नववीत. जेवायला ये म्हणून ताईने तीनदा हाक मारली, चौथ्यांदा सरळ मोबाईल ओढला. पोराने तिला ढकललं आणि दाराला अशी लाथ घातली की खालचा प्लाय फुटला. हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी झुरळाला घाबरायचा! दिवसभर बंदुका चालवल्यावर हात उठणारच. 2020 च्या सप्टेंबरात पबजी बंद झाला तेव्हा सुटलो म्हटलं, तर पुढच्या वर्षी बीजीएमआय नाव लावून हजर. सगळे गोळीबाराचे गेम बंद करा.

खडूस_सदाशिवपेठी : ती बंदी हिंसेसाठी नव्हतीच हो. चीनशी सीमेवर वाजलं होतं, सुरक्षेचं कारण देऊन 118 अ‍ॅप एका फटक्यात बंद केली. पोरांसाठीची बंदी बघायची तर राजकोट. मार्च 2019 मध्ये तिथल्या पोलिसांनी पबजीवर बंदी घालून कॉलेजची पोरं पकडली. थांबला खेळ? आणि जपान, दक्षिण कोरियात गेमचं वेड केवढं, तरी खुनांचं प्रमाण अगदी कमी. ऑक्सफर्डवाल्यांनी 2019 मध्ये 14-15 वर्षांची हजारेक ब्रिटिश मुलं तपासली, आक्रमक वागण्याचा धागा हिंसक गेमशी जुळला नाही.

आठवी_ब_च्या_बाई : अर्धंच सांगताय. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये म्हटलं की हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. पण आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी लहानसा संबंध दिसतो, हेही त्यांनीच म्हटलंय. भाच्याने काय केलं मग? ढकललंच ना? खून पडला तरच हिंसा म्हणायची का? बीजीएमआयला 18 खालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे म्हणे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं वडिलांच्या नंबरवरून खेळतात आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतात. त्या झोपमोडीतून उठलेलं पोर साध्या प्रश्नालाही खेकसतं.

खडूस_सदाशिवपेठी : म्हणजे दोष जागरणाचा, बंदुकीचा नाही. माझंच म्हणणं मांडलंत, आभार. शिवाय तापट पोरंच असले गेम निवडत असतील, तेव्हा काय?

शेवटचं_सर्कल : वय 19, रोज खेळतो, म्हणून बोलतो. मॅच अर्ध्या तासाची, पॉझ नसतो. चौघांचा स्क्वॉड. शेवटचं सर्कल (मॅचचा अखेरचा टप्पा) आलंय, आपले दोघं खाली पडलेत, त्यांना उठवायला तुम्ही धावताय आणि मागून आई मोबाईल ओढते. मग तिघं मिळून तुमची आई-बहीण काढतात, तीही दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर. मीही भिंतीवर बुक्की मारलीय, बोटाची सूज आठवडाभर होती. पण तेव्हा खेळत होतो फुटबॉलचा गेम. त्यात कुठली बंदूक? गल्लीत शेवटच्या ओव्हरला कुणाची बॅट काढून घेऊन बघा.

निशिगंध : म्हणजे तुमचं सर्कल संपेपर्यंत आईने पोळ्या झाकून बसायचं?

शेवटचं_सर्कल : नाही काकू. पण "जेवायला ये" हे मॅच लागायच्या आधी सांगायचं, मधे नाही. आईला ढकललं ते चूकच, त्यावर वाद नाही.

आठवी_ब_च्या_बाई : आणि मॅच कधी लागली हे आईला कोण कळवणार? दार तर बंद असतं.

निशिगंध : आमच्याकडे आता खालून उघडंच आहे, बाई. सुतार अठराशे मागतोय. ते पैसे त्याच्या वाढदिवसाच्या पाकिटातून जाणार, ताईने सांगून टाकलंय.