गाडीतले कंपनीचे स्पीकर बदललेत? आठ-दहा हजारांतले अनुभव लिहा

सिंहगड रोड ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास माझे गाडीत जातात. गाडी 2014 ची, छोटी हॅचबॅक. अभंग लावला की गाणाऱ्याचा आवाज यायचा, टाळ यायचे, पण पखवाज म्हणजे पुठ्ठ्यावर कुणी बोटं आपटावीत तसा. गेल्या पावसाळ्यात डाव्या दारातून फरफर सुरू झाली. दार उघडून बघितलं तर स्पीकरच्या कागदी कोनच्या, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेचा फोम बोट लागताच भुकटी होऊन हातात आला. मागचं मॅग्नेट बशीच्या मधल्या खळग्याएवढं.

बजेट 8000 ठरवलं होतं. नाना पेठेतून पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची कोॲक्सिअल (जाड आणि बारीक सुरांचे स्पीकर एकातच) जोडी घेतली 3200 ला. बसवायच्या रिंगा 400, वायर न कापता जोडायचे कपलर 350. एवढंच करून घरी आलो आणि दोन दिवस मन खट्टू होतं. वरचे सूर स्वच्छ झाले होते, पण पखवाज होता तिथेच.

परत गेलो. कारागिराने दाराचं आतलं कव्हर काढलं, गाणं लावलं आणि माझा तळहात पत्र्यावर ठेवायला सांगितलं. अख्खा पत्रा थरथरत होता. आणि त्या पत्र्याला हात आत जाईल एवढी मोठी भोकं! कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. ती या भोकांतून पुढे आली की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि पहिला बळी बेसचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा जातो. त्याने भोकं बंद केली, आतून-बाहेरून ब्यूटाइल रबराची, पत्र्याची थरथर मारणारी डॅम्पिंग शीट रोलरने दाबून बसवली. शीट 2400, मजुरी 800. सगळं मिळून 7150.

त्या संध्याकाळी चांदणी चौकाच्या गर्दीत अडकलो होतो आणि पखवाजाची थाप पहिल्यांदा गुडघ्याला जाणवली. मागचे स्पीकर मी बदललेले नाहीत, आणि आता गरजही वाटत नाही. ऐकणारा पुढे बसतो, गाणंही पुढूनच यावं.

तुम्ही काय केलंत ते लिहा. गाडी, खर्च, आणि कानाला नक्की काय फरक पडला तेही.

*

नाशिकहून लिहितोय. मी काँपोनंट सेट घेतला, म्हणजे जाड सुरांचा वूफर दारात आणि बारीक सुरांचे ट्वीटर वेगळे. जोडी 5500. दुकानदाराने ट्वीटर डॅशबोर्डच्या टोकाला, थेट कानावर रोखून लावले. सतार ऐकताना तार टोचायची, अर्ध्या तासात डोकं जड. दोघांना आपापले सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी असते, तिच्यावर ट्वीटरचा आवाज 3 डेसिबलने कमी करायचा छोटा खटका असतो, तो मला तीन महिन्यांनी सापडला. तो बदलला आणि ट्वीटर काचेकडे वळवले. आता तानपुरा समोर ठेवल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काचेशेजारच्या खांबात ट्वीटर बसवायचा असेल तर आधी तिथे पडद्याची (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर त्या खांबाला हात लावू देऊ नका, वायरही तिथून नेऊ देऊ नका.

*

नमस्कार. मी साताऱ्याचा, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. माझ्याकडे स्पीकर चांगले, शीटही लावलेली, तरी डग्गा ऐकूच येईना. सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, तर डग्गा छान भरून आला. पूर्ण उजवीकडे नेला तरी आला. मध्ये आणला की गायब! म्हणजे एका दाराची वायर उलटी जोडलेली. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जात होता.

तपासायला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्टिरिओमागचा जोड काढा आणि स्पीकरकडे जाणाऱ्या अधिकच्या वायरीला सेलचं अधिक टोक, उणेच्या वायरीला उणे टोक क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर जोडणी उलटी आहे. चारही स्पीकरचं असं बघून घ्या.

आणि खोक्यावरच्या वॉटवर पैसे टाकू नका. स्टिरिओवर 50 वॉट गुणिले चार लिहिलेलं असलं तरी सलग मिळतात 15 ते 20 वॉटच्या आसपास. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा आवाज काढतो ते. 87 आणि 90 डेसिबल यांत फरक तीनचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला 87 वाल्याला दुप्पट वॉट लागतात. माझे विद्यार्थी हे गणित चुकायचे, आणि दुकानात उभे राहिलेले मोठे लोकही तिथेच चुकतात.

*

रत्नागिरी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते तळाच्या बारीक भोकांतून बाहेर जावं अशी सोय असते. आमच्या इथल्या मुलाने मन लावून डॅम्पिंग केलं, पण ती तळाची भोकंही शीटने बुजवली. जुलैमध्ये वळणावर दारातून डबडब आवाज यायला लागला. कव्हर काढलं तर आत पाणी साचलेलं. शिवाय स्पीकरखालच्या रिंगा साध्या एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटीच्या) होत्या, त्या भिजलेल्या खाऱ्या बिस्किटासारख्या फुगल्या होत्या. स्पीकर वाचले, रिंगा फेकल्या. आता प्लास्टिकच्या लावल्यात आणि वर पाणी ओघळून जाईल असं रबराचं छप्पर बसवलंय. कोकण-गोव्याकडच्या लोकांनी एवढं ध्यानात ठेवाच.

*

मडगाव. माझं थोडक्यात. स्पीकर बसवले, आवाज सुंदर. टोलनाक्यावर काच पूर्ण खाली केली आणि खट्ट! काच मॅग्नेटवर आपटली. नवीन स्पीकरची खोली जुन्यापेक्षा 15 मिलिमीटरने जास्त होती. विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पट्टीने मोजा.

*

मी नागपूरची. माझा पहिला खर्च शून्य रुपये, म्हणून लिहायला संकोच वाटत होता. बाबा 78 वर्षांचे, नाट्यसंगीतात वाढलेले. गाडी आम्ही जुनी घेतली. बाबा म्हणायचे, “बाई, सूर येतात, शब्द येत नाहीत.” त्यांच्या ऐकण्याच्या मशीनचा दोष असेल असं आम्ही धरून चाललो होतो. एक दिवस स्टिरिओच्या सेटिंगमध्ये शिरले. आधीच्या मालकाने लाउडनेस (जाड-बारीक सूर फुगवणारा पर्याय) चालू, बेस पूर्ण वर आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारा) जवळजवळ सगळा मागे ठेवला होता. लाउडनेस बंद केला, बेस खाली आणला, फेडर पुढे घेतला. एचपीएफ म्हणून एक पर्याय होता, तो 80 हर्ट्झवर ठेवला. त्याने अगदी खालचे सूर छोट्या स्पीकरकडे जातच नाहीत, मग ते उगाच धापा टाकत नाहीत.

अमरावती रोडला लागलो तोवर बाबांचा हात मांडीवर ठेका धरत होता. समेवर बोट बरोब्बर पडत होतं. पुढे दिवाळीला 2800 ची जोडी घेतली, तीही छान आहे. पण त्या दिवशीचा फरक जास्त मोठा होता. स्पीकर बदलायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा पुढच्या सीटवर बसवा आणि काय ऐकू येतं ते विचारा.

*

कोल्हापूर. टुरिस्ट गाडी चालवतो, महिन्यात आठ-दहा वेळा मुंबई. सगळं काम स्वतः केलं, मजुरी वाचली. चार दारांचे मिळून 6000. सांगण्यासारखं एकच, कव्हर काढायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट दोन-तीनशेला मिळतो. हँडलच्या खाचेत एक स्क्रू लपलेला असतो, तो न काढता ओढलं की कव्हर फाटतं. क्लिपा दहा-बारा आधीच आणून ठेवा, चार तरी तुटतातच. जुनी क्लिप ढिली राहिली की नव्या स्पीकरच्या बेसला कव्हर खडखडतं आणि लोक स्पीकरला नावं ठेवतात. मागे पॅसेंजर झोपलेले असतात म्हणून मागचा आवाज बारीक ठेवतो. पुढे मात्र नाद खुळा. रात्री कराड सोडलं की लावतो, पहाटेपर्यंत तीच सोबत.

*

(धागाकर्ता) रत्नागिरीचा अनुभव वाचून काल दोन्ही दारं तपासली. उजवं ठीक होतं. डाव्याच्या तळाला तीन भोकं, त्यातल्या एकावर शीटची कड अर्धी आली होती. ब्लेडने कापून काढली, तर वाटीभर गढूळ पाणी बाहेर आलं. त्यात सडलेलं आंब्याचं पानही होतं. तुमचे मनापासून आभार.