प्रतिसाद: सायबरपंक २०७७ – दोष फक्त अपेक्षांचा नव्हता

'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेमने निराशा केली, कारण 'लोकांनीच अपेक्षा वाढवून ठेवल्या', असं एक मत आहे. ते अर्धंच खरं आहे. डिसेंबर २०२०ला गेम आला तेव्हा गुन्हा केला की पोलीस थेट पाठीमागे उगवायचे, आणि गाडीत बसून निघालात की पाठलागच नाही! पीसीवर सेव्ह फाइल (खेळातली प्रगती साठवणारी फाइल) तेव्हा ८ एमबीच्या वर गेली की बाद व्हायची. क्राफ्टिंगचं, म्हणजे गेममध्ये वस्तू बनवायचं, सामान साठवणारे त्यात हमखास अडकले. सोनीने आठवड्याभरात गेम आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, तो उगाच नाही.

पोलिसांचा पाठलाग सप्टेंबर २०२३च्या २.० पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) आला, पण पीएस४ला (प्लेस्टेशन ४ला) तो मिळालाच नाही. तिथे घेऊ नका. पीसीवर एसएसडीच (वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) हवी. गेम अडखळत असेल तर गेमप्ले सेटिंगमध्ये क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी करा. जुना सेव्ह चालतो, पण पर्क्स (पात्राची खास कौशल्यं) बदललेत, नव्याने सुरू केलेलं बरं.