चिखलातून आल्यानंतर स्टार्टर आणि क्लचची तक्रार

प्रश्न: मुळशीकडच्या चिखलवाटेवरून परतल्यापासून माझ्या डिझेल जीपचा स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) केवळ ‘टक्’ असा आवाज करतो, आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. दोन्ही सुटे भाग बदलावे लागतील का?

उत्तर १: लगेच बदलू नका. प्रथम बॅटरी तपासावी. स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी स्टार्टर फिरवताना ९.६ व्होल्टच्या खाली येत असेल, तर दोष बहुधा तिच्यातच असतो. बॅटरी ठीक असल्यास इंजिन आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांना जोडणारी अर्थिंगची तार सोडवून, तिची टोके घासून पुन्हा घट्ट बसवावी. चिखलानंतर हाच सांधा अनेकदा दगा देतो, आणि काही मेकॅनिक मात्र थेट नवा स्टार्टर सुचवतात. तरीही फरक न पडल्यास, बॅटरीची ऋण तार काढून स्टार्टर उतरवावा व पिनियनचा (इंजिनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) दांडा स्वच्छ करावा. त्यावर जाड ग्रीस लावू नये, कारण त्यात माती चिकटते.

उत्तर २: क्लचबाबत सांगतो. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या धातूच्या आवरणाच्या) तळाशी निचऱ्याचे छिद्र असल्यास ते मोकळे करावे, कारण ते बुजले की आत साचलेला गाळ क्लच प्लेट व फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारे जड चाक) यांच्यामध्ये जातो. पेडल दाबल्यावर घरघर ऐकू येत असेल, तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) संशय घ्यावा. ते बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्थिंगपासून सुरुवात करतो.